घाणेरीला कुंपण

फार लांबच्या एका डोंगराखाली एक रंगारी राहत होता. लाकडी ठशांनी कापड छापण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याची लेक मात्र भलतीच घाईची. ‘असंच करतात’ असं कोणी म्हटलं, की तिचं लगेच, ‘का?’

त्या डोंगरावर घाणेरी माजली होती. कधीकाळी कोणा हौशी सरदाराने फुलांसाठी परमुलखातून आणलेलं हे झुडूप आता सगळं गायरान गिळून बसलं होतं. गुरं त्याला तोंड लावत नसत आणि त्याच्याखाली गवत उगवत नसे. चारा मिळाला नाही, तर गुराख्यांना गाव सोडावं लागणार होतं. त्यांनी भांडीकुंडीही बांधायला काढली होती.

“आबा, हिचा पाला उकळून बघू?” लेकीने विचारलं.

“घाणेरीचा? माझ्या हंड्यात? नाव ऐकूनच गिऱ्हाईक पळेल!”

“गिऱ्हाईक कापड नेसतं आबा, नाव नाही!”

तिने सरळ आंघोळीचं पातेलं चुलीवर चढवलं. पाल्याच्या काढ्यात तुरटी पडली आणि झगझगीत पिवळा रंग उजळला! दुसऱ्या भांड्यात गंजक्या खिळ्यांचं पाणी मिसळलं, तर गर्द हिरवट काळा! तिने ठसा बुडवून कापडावर मारला, मग कागदावर मारला आणि ओरडली, “आबा, कागदावरसुद्धा!”

आबांनी कापड धुतलं, पिळलं, पुन्हा धुतलं. रंग हलला नाही. “बरा आहे,” ते म्हणाले. आबांच्या तोंडून एवढं म्हणजे डोक्यावर घेऊन नाचणंच.

मग काय, अख्खा गाव डोंगरावर! झुडूप मुळासकट उपटायचं, पाला रंगाला, काटक्या चुलीला. रुमाल छापले, पासोड्या छापल्या, पोरांच्या वह्यांची वेष्टनंसुद्धा छापली. बघता बघता डोंगर मोकळा झाला, गवत वर आलं. गुराख्यांनी गाठोडी सोडली.

एका सकाळी लेक बघते, तर शेवटच्या दाट झुडपांभोवती आबा कुंपण घालत होते.

“हे काय?”

“बियाण्याला राखतोय. जोंधळ्याचं टपोरं कणीस राखतोच ना आपण?”

“आबा, ती संपावी म्हणून तर उपटतोय!”

“चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवू नकोस. संपली तर रंग कुठून आणशील?”

गावातल्या सगळ्या थोरांनी माना डोलावल्या. लेक पाय आपटत घरी गेली.

कुंपणात घाणेरीची फळं काळी झाली. बुलबुलांना कुठलं आलंय कुंपण! त्यांनी पोटभर फळं खाल्ली आणि डोंगरभर बिया टाकल्या. पुढच्या पावसाळ्यात गायरानात जिकडेतिकडे घाणेरीची रोपं! गुराख्यांनी पुन्हा गाठोडी बांधली.

लेकीने कुदळ उचलली आणि कुंपणावर पहिला घाव घातला.

“थांब,” मागून आबा म्हणाले. तिने दातओठ खाल्ले. “झुडपं तू काढ. रोपं वाकून वाकून मी काढतो. चूक माझी, कंबरही माझीच मोडू दे.”

आबा वाकले, तसे बाकीचे थोरही निमूट वाकले. आठवड्याने डोंगरावर घाणेरीची काडी उरली नाही.

“आता छापायचं कशाने?” लेक हसत म्हणाली. “पलीकडच्या गावच्या डोंगरावर मात्र नुसती घाणेरी आहे हं, आबा...”

वळून बघते, तर आबा कुदळ खांद्यावर टाकून वाटेला लागलेले.

“मग बसलीस काय? फळं धरायच्या आत पोचायला हवं. चल, चल!”

तात्पर्य: उपद्रवातून उपयोग जरूर काढावा, पण उपयोगासाठी उपद्रव पाळू नये.