चाचणी नापास व्हायची वेळ

गाण्यांच्या अ‍ॅपमधून आवाज नीट येतो का, याची चाचणी ऑफिसातला एक कॉम्प्युटर आपोआप घ्यायचा. ती कधी पास व्हायची, कधी नापास. मॅनेजर खांबेटेसर सगळ्यांसमोर ऋजुतावर कडाडले, "तुझ्या कोडचा काही भरवसा नाही. उद्या संध्याकाळी तुझं काम अ‍ॅपमधून काढून टाकणार."

ऋजुता शांतपणे म्हणाली, "उद्या अकराला आणि चारला चाचणी नापास होईल, सर. बाकी दिवसभर पास."

दुसऱ्या दिवशी अगदी तसंच झालं. चारची ऑनलाइन मीटिंग अर्धवट सोडून सर केबिनमधून धावतच बाहेर आले. "तुला आधीच कसं कळलं?"

"तुमच्या मीटिंगांच्या वेळा बघून. त्या कॉम्प्युटरला हेडफोन नसला की चाचणी नापास होते, सर. आणि तो आत्ता तुमच्या गळ्यात आहे."