रेघ कुणाची?

कुंतलगडच्या राजाने सरूचं खेळघर बंद करायचा हुकूम काढला, कारण तिथे एका पडद्यावर दोन पोरं खेळत होती.

पैसे देऊन पोरं तिथे पडद्यावर घोड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायची. पडद्याच्या मधोमध रेघ. डावीकडे एकाचा घोडा, उजवीकडे दुसऱ्याचा. सरूकडे पडदाच एक, म्हणून ही सोय. त्या खेळघरावर तिची चूल पेटायची. पण बड्या खेळघराचा मालक नेमाशेठ, त्याने राजाकडून सनद मिळवली होती, की पडदा दुभागायची युक्ती आपली, दुसऱ्या कुणी वापरायची नाही.

तान्ही लेक कडेवर घेऊन सरू दरबारात गेली. रेघ आडवी मारली तर चालेल का, असं तिने विचारलं. शेठ म्हणाला, आडवीही माझीच. मग तिरपी? तीसुद्धा.

“अहो शेठ, तुमचं नाही असं काही ठेवलंय का?”

“बाई, एका वस्तूचे मधोमध दोन भाग करून दोघांची सोय लावायची, ही अक्कल जगात पहिल्यांदा मला सुचली. मग तो पडदा असो नाहीतर परात.”

राजा मोठा हट्टी. म्हणाला, “शेठच्या आधी हे कुणी केलं, ते शेठच्याच तोंडून वदवून दाखव. नाहीतर खेळघराला टाळं.”

शेठ मिशीत हसला. कोण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेईल?

सरूने मुदत मागितली नाही, दोघांना जेवायला वाढायची परवानगी मागितली. राजाला भूक लागलीच होती. तिने एकच ताट मांडलं, त्यात भाताचा ढीग घातला आणि दोघांना समोरासमोर बसवलं. राजाच्या बाजूने झणझणीत आमटी ओतली, शेठला तिखट सोसत नाही म्हणून त्याच्या बाजूने ताक. आमटी निघाली ताकाकडे! शेठने घाईघाईने भात सारून मधे बांध घातला.

“छान जमतं हो शेठ. कुणी शिकवलं?”

“कुणी म्हणजे? आईने. मी नि धाकटा एका ताटात जेवायचो. भांडणं नकोत म्हणून ती असाच मधे...”

घास शेठच्या हातातच राहिला.

“महाराज,” सरू म्हणाली, “सनद द्यायचीच तर यांच्या आईला द्या. आणि शेठना विचारा, युक्ती वापरायला आईची परवानगी घेतली होती का?”

राजा इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याने सनद फाडली, राजवाड्यातला सर्वांत मोठा पडदा सरूच्या खेळघरी पाठवायला सांगितला आणि ताट पुढे सरकवलं.

“भात वाढ ग बाई. आमच्या बाजूचा बांध शेठनी कोरलाय.”