गोधडीचं वजन

“पण सर, आकडे तर बरोबर होते ना?”

डॉ. ओजस रेगेने हे तिसऱ्यांदा विचारलं. आमचे मार्गदर्शक वर्तक सर खिडकीशी उभे होते.

डोंगरातल्या एका तालुक्याच्या आरोग्य केंद्रात आमची बैठकीची खोली होती. दारावर पाटी होती, ‘तरुण डॉक्टरांसाठी एकत्रित संशोधन प्रशिक्षण’. एकत्रित म्हणजे डॉक्टर, नर्स, आशाताई, आकडेवारीवाला, सगळे एका टेबलाशी. पाटी झकास होती. आकडेवारीवाला मी.

अभ्यास कमी वजनाच्या बाळांचा. आशाताई जानकी भोये दर आठवड्याला पाड्यांवर जाऊन बाळांची वजनं करायच्या आणि वहीत लिहायच्या. ओजस ते आकडे संगणकात भरायचा, मी आलेख काढायचो. वजन दोन किलोच्या खाली गेलं, की बाळाला जीपने इथे आणायचं असा नियम होता.

डिसेंबरात आलेख असा काही वर चढला, की आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. ओजस शोधनिबंध लिहायला बसला. त्याची पुढची नेमणूक त्या निबंधावरच अवलंबून होती.

सोमवारी रुखी गावितचं बाळ गेलं. वहीत त्याचं वजन दोन किलो तीनशे होतं, म्हणून जीप गेलीच नव्हती.

“भोयेताई,” सर म्हणाले, “ती आणलीत?”

भोयेताईंनी पिशवीतून बाळाची गोधडी काढली. सरांनी ती घडी न मोडता काट्याला टांगली.

पाचशे वीस ग्रॅम.

मी मनात वजाबाकी केली. एक किलो सातशे ऐंशी.

ओजस उसळला. “ताई, तुम्ही बाळाला गोधडीसकट तोललंत? सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं, कपडे काढून वजन करायचं!”

“थंडी पडली ना, डॉक्टर. पावसाळ्यात उघडंच तोलत व्हते मी. थंडीत पाड्यावर लेकरू उघडं नाय करत कोनी. आई हात लावू देत नाय.”

“मग हे सांगायचं नाही?”

भोयेताईंनी गोधडी काट्यावरून काढून टेबलावर ठेवली.

“सांगाया आले व्हते. दोनदा. तुमी म्हनलात, आधी चहा टाका, मग बोलू.”

ओजसने माझ्याकडे बघितलं.

खरं होतं ते. मी तिथेच बसलो होतो. दर बैठकीत चर्चा रंगात आली, की कोणीतरी चहाचं नाव काढायचं आणि ताई मागच्या खोलीत जायच्या. कप घेऊन येईपर्यंत आमचं सगळं ठरलेलं असायचं. अकरा महिने आम्ही त्यांच्या हातचा चहा प्यायलो, वर साखर कमी पडली म्हणून कुरकुरलोही. मला त्याची आजही लाज वाटते.

ओजस खाली बसला.

“निबंध थांबवतो, सर... पण ते बाळ? आता मी काय करू?”

“चहा टाक.”

“काय?”

“सगळ्यांना. आलं ठेचून घाल.”

ओजसचा चेहरा लाल झाला. पण तो उठला. मागच्या खोलीत स्टोव्हची फरफर सुरू झाली.

सरांनी ओजसची खुर्ची ओढली आणि भोयेताईंपुढे ठेवली. ताई खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि बोलू लागल्या. वरच्या पाड्यावर आणखी दोन बाळं आहेत, म्हणाल्या. दोन्ही डिसेंबरातच जन्मलेली, एकदाही उघडी तोललेली नाहीत. वहीत दोघांची वजनं दोन किलोच्या जरा वर आहेत.

“आन् त्यांच्या गोधड्या हिच्याहून जाड हायेत.”

“नावं?” सरांनी विचारलं.

ताईंनी नावं सांगितली. मी लिहून घेतली. सरांनी जीपवाल्याला हाक मारली. ताई आणि टेबलाशी बसलेल्या नर्स खेडकर सिस्टर बाळांसाठी उबदार पिशव्या घेऊन धावतच गेल्या. जाताना ताईंनी टेबलावरची गोधडी उचलली, छातीशी धरली आणि परत पिशवीत ठेवली. ती रुखीला द्यायची होती.

ओजस ट्रे घेऊन आला. पाच कप. खोलीत सर आणि मी, दोघेच. खाली घाटात जीपचा आवाज बारीक होत चालला होता.

“सगळे कुठे गेले? ताई काय म्हणाल्या?”

मी लिहिलेला कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो वाचला. मग ट्रे टेबलावर आदळला.

“सर, मी इथेच तर होतो, भिंतीपलीकडे! मला हाक का नाही मारलीत?”

सरांनी ट्रेमधला एक कप उचलला.

“तू चहा करत होतास.”