इनामदारांचा हुकूम

हिंदुराव इनामदारांइतका संशयी माणूस आमच्या तालुक्यात दुसरा झाला नाही. जेवायला बसले तरी पहिला घास मांजराला घालायचे आणि मांजर जगतंय का ते बघत राहायचे!

असे हे इनामदार न्युमोनियाने दवाखान्यात पडले. पुतण्याने नर्सला फितवून गोळीत विष घातलंय, असं त्यांनी मनात घेतलं. गोळी तोंडात टाकायचे, वर पाणी प्यायचे, मोठा ढेकर द्यायचे. पण ताप काही उतरेना. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर हातचे जातील."

सगुणा सिस्टरच्या मनात वेगळीच शंका आली. पण वाद घातला असता तर म्हातारा आणखी बिथरला असता. ती स्टूल ओढून कॉटपाशी बसली आणि हळूच म्हणाली, "आबासाहेब, तुमचा संशय खरा निघाला हो."

इनामदार ताडकन उठून बसले. "मी म्हणत नव्हतो? कोण आहे तो?"

"याच खोलीत आहे. तुमच्या औषधाची गोळी तो तुमच्या पोटात जाऊच देत नाही."

इनामदारांनी असे डोळे वटारले, की दारात उभा असलेला पुतण्या दारामागेच सरकला.

"धरा हरामखोराला! तीच गोळी माझ्यासमोर त्याच्या घशात घाला. गिळेपर्यंत सोडू नका. माझा हुकूम आहे!"

सगुणाने त्यांची उशी उचलली. खाली थुंकलेल्या गोळ्यांचा ढीग!

तिने नवी गोळी पुढे धरली. "हुकूम झालाय, आबासाहेब. उघडा तोंड."

इनामदारांनी मुकाट्याने गोळी गिळली, आणि कुणी मागितलं नसताना जीभही बाहेर काढून दाखवली.