आबासाहेबांची वास्तुशांती

"मग तुम्ही जाणार? त्या चोराच्या वास्तुशांतीला? गळ्यात हार घालून घ्यायला?"

सुदर्शन अजून मठाची पायरी चढला नव्हता, खालूनच ओरडत होता.

निरंजनबुवा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जाणार की. बोलावलंय त्यानं."

"दवाखान्याच्या पैशातनं बंगला बांधलाय त्यानं, बुवा!"

हे बुवांना नवं नव्हतं. आम्हा कुणालाच नव्हतं. सरकारनं गावाला दवाखाना मंजूर केला, गायरानात जागा दिली, बाळंतिणीसाठी वेगळी खोली धरली. आमच्या भागाचे पुढारी आबासाहेब. त्यांनी ठेका दिला मेव्हण्याला, देखरेख समितीवर बसवलं बायकोला, आणि इमारत उभी राहिली ती मुलाच्या संसारासाठी. संगमरवरी जिना काय, गच्चीवर झोपाळा काय! कागदावर मात्र तो अजून दवाखानाच. तपासणीला साहेब आले की फाटकावर 'आरोग्य उपकेंद्र' अशी पाटी लागायची, साहेबांचं जेवण उरकलं की उतरायची. निर्लज्जपणालाही काही हद्द असते.

आणि आमची सिस्टर शेवंताबाई शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून गाव तपासायची.

सुदर्शनची बहीण इंदू गेल्या वर्षी अडली. व्हरांड्यात बाळंतपण कसं करणार? जीपमधून तालुक्याला नेली, मूल घाटातच गेलं. आता पुन्हा तिचे दिवस भरत आले होते. सुदर्शनला झोप नव्हती.

"मी वकील आहे, बुवा. अर्ज केले, तक्रारी केल्या. सगळी दारं ठोठावून झाली. उद्या काळे झेंडे घेऊन येतो. भर मांडवात त्याला चोर म्हणतो."

"मग?"

"मग... लोकांना कळेल."

"कुणाला ठाऊक नाही?"



बुवांनी हातातली टरफलं बाजूला झटकली.

"तुला काय पाहिजे? त्याची बेअब्रू, का इंदूला खोली?"

 सुदर्शनला दोन्ही पाहिजे होतं, दिसतच होतं.

"...खोली."

"मग उद्या ये. झेंडा नको. तोंड उघडायचं नाही. माझा तांब्या धरायचा."

"तांब्या? मी? अहो, मी एलएलबी झालोय!"

"म्हणून सांगतो, दोन्ही हातांनी धर."

दुसऱ्या दिवशी मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढच्या महिन्यात निवडणूक, त्यामुळे आसपासच्या सगळ्या गावांना आमंत्रण होतं. आबासाहेब सोवळं नेसून पाटावर, शेजारी शालू नेसलेल्या वहिनीसाहेब, दोघांच्या उपरण्या-पदराची गाठ बांधलेली. होम पेटला होता. गुरुजी आता दूध उतू घालायला सांगणार, तेवढ्यात कुणी कार्यकर्त्यानं आबासाहेबांच्या हातात माइक दिला. आणि माइक हातात आला की आमच्या आबासाहेबांना राहवतं होय?

"माझ्या मायबाप जनतेनो! विरोधक म्हणतात, आबानं बंगला बांधला. अरे, हे माझं नाही! ह्यातली एक वीटसुद्धा माझी नाही. जे काही आहे ते तुमचं आहे, जनतेचं आहे!"

हे वाक्य त्यांचं ठरलेलं. कॉलेज काढलं तेव्हा म्हणाले, बायकोच्या नावावर पेट्रोल पंप घेतला तेव्हाही म्हणाले. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या.

बुवा उठले आणि होमापाशी आले. मागोमाग तांब्या घेऊन सुदर्शन.

"वा, आबा! पुन्हा म्हण."

आबासाहेब खुलले. खुद्द बुवांनी वा म्हटलं होतं.

"हे माझं नाही! जनतेचं आहे!"

बुवा गुरुजींकडे वळले. "गुरुजी, दान करताना काय म्हणतात हो?"

गुरुजी जरा गोंधळले. "न मम. म्हणजे, माझं नाही. तळहातावर तुळशीचं पान ठेवायचं, त्यावर पाणी सोडायचं, आणि न मम म्हणायचं."

"पाणी सोडलं की?"

"की दिलं. मग परत घेता येत नाही. इथं तर अग्नी साक्षीला आहे."

"मंत्र तर ह्यानं आपणहून म्हटला. पाणी तेवढं राहिलं."

बुवांनी आबासाहेबांचा उजवा हात धरून उताणा केला आणि त्यावर तुळशीचं पान ठेवलं.



"बुवा," आबासाहेब हळूच म्हणाले, "ही आपली बोलायची पद्धत असते..."

माइक चालूच होता. हळूच बोललेलं सगळ्या शिवारानं ऐकलं.

बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "सोडा की पाणी, आबासाहेब!" मग पुरुषांतून. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळा मांडव एका सुरात, "सोडा पाणी! सोडा पाणी!"

आबासाहेबांनी मेव्हण्याकडे पाहिलं, तो बुटांचे बंद बांधायला खाली वाकला होता. मुलाकडे पाहिलं, तो मोबाइलमध्ये शिरला होता. हात मागं घ्यावा तर एवढी मतं समोर बसलेली, आणि पाणी सोडावं तर बंगला जातो. माणसाची अशी पंचाईत झालेली मी आजवर पाहिली नव्हती.

असल्या विधीत बायकोचा हात नवऱ्याच्या हाताला लागलेला असावा लागतो. वहिनीसाहेबांचा होता. त्यांनी समोर पाहिलं. पुढच्याच रांगेत इंदू बसली होती, एक हात पोटावर ठेवून. ती ओरडत नव्हती, नुसती बघत होती.

वहिनीसाहेबांनी मान खाली घातली...

"अहो," त्या म्हणाल्या, "हात सरळ धरा."

"ओत," बुवा सुदर्शनला म्हणाले.

 एवढे दिवस जपलेला 'चोर' हा एक शब्द सुदर्शनच्या जिभेवर आला होता, आणि समोर माइक होता. त्यानं तो शब्द गिळला. दोन्ही हातांनी तांब्या कलता केला. पाणी आबासाहेबांच्या तळहातावर पडलं, तुळशीचं पान घेऊन खाली ताम्हनात गेलं.

"न मम," गुरुजी म्हणाले.

"...न मम," आबासाहेब म्हणाले.

काय सांगू तुम्हाला! मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. आबासाहेबांच्या मिरवणुकीसाठी आणलेले हलगीवाले कुणी न सांगता वाजवायला लागले. म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. माझ्या डोळ्यांना तर धारच लागली.

"गुरुजी, दूध कुणी उतू घालायचं?" बुवांनी त्या गोंगाटात विचारलं.

"घरच्या मालकिणीनं."

"मग शेवंताबाई, या बरं पुढं."

शेवंताबाई रडत रडतच पुढं आली. तिनं शेगडी पेटवली, पातेलं ठेवलं. दूध फसफसून वर आलं, उतू गेलं, आणि बायकांनी असा काही गलका केला की विचारू नका. नव्या सुनेसाठी आणलेला पलंग खालच्या खोलीत होता. त्यावरची जरीची चादर काढून बायकांनी धुतलेली सुती चादर घातली आणि इंदूला हाताला धरून तिथं नेऊन बसवलं. तिनं पाठ टेकली आणि डोळे मिटले.

पोरांनी शाळेतलं टेबल डोक्यावरून आणलं. पाटी तर बंगल्यातच जिन्याखाली ठेवलेली होती, ती फाटकावर ठोकली, चांगले लांब खिळे मारून. दुपारपर्यंत संगमरवरी व्हरांड्यातून फाटकापर्यंत रांग लागली. कुणाचा खोकला, कुणाचा कान, कुणाच्या मुलाला ताप. बुवाही गुडघा दाखवायला रांगेत उभे राहिले.

सुदर्शन त्यांच्या कानाशी लागला.

"बुवा, आता तरी म्हणू का? चोर?"

"म्हण की. ऐकायला कोण मोकळं आहे बघ."

सुदर्शननं इकडंतिकडं पाहिलं. खरंच कुणी मोकळं नव्हतं. तो हसला. इंदूचं मूल गेल्यापासून पहिल्यांदाच हसला.

तेवढ्यात लोकांना ढकलत आबासाहेब आत आले. अजून सोवळ्यातच होते, घामानं डबडबलेले.

"सिस्टर, आधी मला घ्या. डोकं गरगरतंय. ब्लड प्रेशर बघा माझं."

शेवंताबाई सवयीनं अर्धवट उठली. रांग थांबली...

बुवा एक पाऊल मागं सरकले. त्यांनी आपल्यापुढं माणूस मावेल एवढी जागा केली.

"रांगेत ये, आबा," ते म्हणाले. "तुझंही आहेच की."