संध्याकाळचं झाड

फार फार वर्षांपूर्वी, देवळाची फुलं ज्याच्या त्याच्या घरच्या बागेतूनच यायची तेव्हा, एका गावात देवळाचे हार गुंफणारा एक माळी राहत होता. त्याची बायको एका संध्याकाळी परसात साप चावून गेली. मागे उरली आठ वर्षांची लेक.

त्या दिवसापासून माळ्याला बागेत फुलं दिसेनाशी झाली. दिसायची ती फक्त साप दडायची ठिकाणं. आधी त्याने केवड्याचं बन तोडलं, मग जाईचा मांडव उतरवला. गुरं रानातून परतायच्या आत तो लेकीला घरात घेई आणि दाराला अडसर घाली.

शेजारची म्हातारी एकदा म्हणाली, "अरे, एवढं भ्यायचंच असेल तर अंगणही उपटून टाक की."

परसात आता न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं गुलबक्षीचं झाड तेवढं उरलं होतं. बायको गेली ती तिथेच. सकाळी उन्हं आल्यावर फुलं तोडणाऱ्या माळ्याला ते झाड नेहमी कोमेजलेलंच दिसे. हाराला निरुपयोगी, म्हणजे तण, असा त्याचा हिशेब. उद्या हेही काढतो, असं त्याने लेकीला सांगितलं. ती नको नको म्हणाली, पण त्याने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात उशीर झाला. माळी परतला तेव्हा दिवस मावळत होता. दार सताड उघडं होतं आणि घरात लेक नव्हती.

त्याने हाक मारली. उत्तर आलं नाही. कोपऱ्यातला कोयता उचलून तो परसात धावला.

लेक गुलबक्षीपाशी पाठमोरी बसली होती. अजिबात हलत नव्हती. त्याने पुन्हा हाक मारली. तिने मागे न बघता नुसता हात वर करून त्याला थांबवलं.

तिच्यासमोर काय असेल हे त्याला ठाऊक होतं. श्वास रोखून, एकेक पाऊल टाकत तो तिच्या मागे पोचला आणि त्याने कोयता उगारला.

"आबा, हळू," ती कुजबुजली. "उमलतायत."

माळ्याने पाहिलं. साप नव्हता. मिटलेल्या कळ्या एकामागून एक उलगडत होत्या. एकाच झाडावर लाल, पिवळी आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे उडालेली फुलं. वास मंद होता, ओळखीचा होता. बायकोच्या केसांना तो यायचा.

"आई रोज बसायची इथं," लेक म्हणाली. "तुम्हाला बोलवायची, पण तुम्ही हार गुंफत असायचात."

माळी कोयता टाकून तिच्याशेजारी बसला. लेकीने फुलांचे लांब देठ एकमेकांत अडकवून, दोऱ्याशिवाय वेणी केली आणि त्याच्या हातावर ठेवली. आयुष्यभर हार गुंफलेल्या त्या माणसाला ही वीण येत नव्हती.

सकाळी त्याने झाडाभोवतीचे दगड हलवले, गवत काढलं, जागा सारवून घेतली. झाड मात्र राहू दिलं. तोडलेला केवडा काही परत फुटला नाही. भीतीही पुरती गेली नाही. रोज संध्याकाळी तो आधी काठी आपटून जमीन बघे, मग दिवा ठेवी, मग लेकीशेजारी बसे.

तात्पर्य : भीतीने जिथे तिथे साप शोधणाऱ्याला दारातलं फूलही दिसत नाही; जपून चालावं, पण डोळे मिटू नयेत.