सात या आकड्याचा अर्थ

“मग यात चूक ती काय, बाई?”

निषाद तिसऱ्यांदा विचारत होता. केळुस्करबाई कपबशा विसळत राहिल्या.

बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. यंत्रं एकमेकांना आकड्यांत निरोप पाठवतात. ते उलगडून दाखवणारं एक सॉफ्टवेअर जगभरची हौशी माणसं मिळून लिहितात आणि फुकट वाटतात. त्यातला, कारखान्यांतल्या वायुमापकांचे निरोप वाचणारा डिकोडर बाईंचा.

दोन वर्षांपूर्वी निषादनं तो सुधारला. तिप्पट वेगवान केला. बाईंच्या डिकोडरात निम्म्या ओळी लाल असत, ‘अर्थ माहीत नाही’ म्हणणाऱ्या. त्या त्याला डोळ्यांसमोर नको होत्या. बिघाडाचा ओळखीचा आकडा नसेल तिथं त्यानं सरसकट ‘ठीक’ लिहून टाकलं. पडदा लख्ख दिसू लागला, लोकांनी वाहवा केली आणि स्वारी हवेत गेली.

आता डिकोडर माझ्या नावावर करा, एवढंच सांगायला तो आला होता. आल्या आल्या बाईंनी त्या ‘ठीक’वर बोट ठेवलं होतं.

बाईंनी एक फाइल उघडली. त्याच्या डिकोडरात.

“वाच.”

“मापक ठीक. वायू शून्य. चाळीस मिनिटं हेच आहे.”

“शपथेवर सांगशील?”

“सांगेन की.”

“सांगून झालंय. कोर्टात.”

मग बाईंनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता. एका कारखान्यात टाकी साफ करायला तीन माणसं उतरली, ती वर आली नाहीत. कंट्रोल रूममध्ये तिरोडकर नावाचे गृहस्थ होते. मापक मेलं होतं, त्याचं शून्य खोटं होतं, असं ते सांगत राहिले. चौकशीवाल्यांनी साठवलेले निरोप निषादच्या डिकोडरात उघडले. मापक ठीक, म्हणजे माणसं उतरली तेव्हा टाकी स्वच्छ. मग नंतर विषारी वायूचा व्हॉल्व्ह तिरोडकरांनीच उघडला असणार. दहा वर्षांची सजा झाली.

बाईंनी तीच फाइल जुन्या डिकोडरात उघडली.

वरपासून खालपर्यंत लाल. ‘स्थिती ७. अर्थ माहीत नाही.’ चाळीस मिनिटं.

निषाद पडद्याजवळ सरकला.

“सात म्हणजे काय, बाई?”

“मापक बनवणारी कंपनी बुडाली. सांगायला कुणी उरलेलं नाही.”

“आणि तिरोडकर?”

“सोमवारी अपील आहे.”

त्यानं कीबोर्ड ओढला. भराभर लिहिलं : ‘स्थिती ७. मापक बंद.’

बाईंनी त्याच्या हातावर आपला ओला हात ठेवला.

“काढू नका बाई. एवढं राहिलं तर ते सुटतील.”

“सात म्हणजे बंद, हे तुला ठाऊक आहे?”

“नाही.”

“मग तेच लिही.”

त्यानं ओळ पुसली. डोळे भरून आले होते, अक्षरं नीट दिसत नव्हती.

“पण बाई… तेवढ्यानं सुटतील ते?”

बाईंनी पडद्यावरच्या सातावर बोट ठेवलं.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “लिही.”